फक्कीची रेषा

आर्वो,

तू गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मस्कतच्या ऑफिसात, अल् खुवैरला, सकाळची मीटिंग चालू होती. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला होता आणि तो एकसारखा थरथरत होता. मीटिंग संपल्यावर पाहिलं तर एकवीस जणांनी हात जोडले होते. कोणासाठी, ते वर सरकवत सरकवत शोधावं लागलं. दुक्मच्या कॅम्पमध्ये, कामावर निघताना बूट घालता घालता, पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या तू गेलास. एक बूट पायात होता आणि एक हातात, असं मेसच्या मॅनेजरने नंतर सांगितलं. मीही ग्रुपवर हात जोडले. बावीस झाले.

आपण बोलायचो इंग्रजीत, तेही तुझं फिनलंडचं आणि माझं नांदेडचं. त्यात तू की तुम्ही हा प्रश्नच नव्हता. आज मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. तू माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा, शिवाय माझ्या मुलीचा गुरू, म्हणजे रीतीने अहो-जाहोच करायला हवं. पण ज्याच्या डोळ्यांदेखत मी लबाडी केली त्याला आता अहो-जाहो करायचं, हीसुद्धा मला लबाडीच वाटते. म्हणून तू.

तू मला पहिल्यांदा दिसलास तेव्हा मी तुला वेडा समजलो होतो. मला कंपनीने दोन वर्षांसाठी दुक्मला, मस्कतपासून पाचशे किलोमीटरवर, पाठवलं होतं. संगीता आणि प्रज्ञा मस्कतला, आणि मी तिकडे रिफायनरीच्या कामावर. तिथे होतं काय? बंदर, वारा आणि कॉन्ट्रॅक्टवर आलेली पुरुषमाणसं. एका शुक्रवारी जेवण झाल्यावर कॅम्पच्या मागे गेलो, तर साठीचा, टकलू, लांबलचक गोरा माणूस हातात भाला घेऊन पळत होता. मेसमधला बिहारी आचारी म्हणाला, "साहब, ये हर जुम्मे को डंडा फेंकता है, और फिर खुद ही लाने जाता है." मला तुझी कीव आली. मी म्हटलं, मी आणून देतो. तू म्हणालास, "आणू नकोस. टेप धर."

तेव्हापासून दोन वर्षं मी टेप धरली. तू टाचेने वाळूत रेषा ओढायचास, मागे जायचास, पळत यायचास. भाला सुटला की मी वर बघायचो आणि तू खाली. आधी आपला बूट बघायचास, रेषेच्या अलीकडे आहे ना याची खात्री करायचास, आणि मगच मान वर करायचास. तोवर भाला पडलेला असायचा. मी एकदा थट्टेने म्हणालोही होतो की तू आयुष्यात स्वतःचा भाला उडताना पाहिलाच नसशील. तू बराच विचार केलास आणि म्हणालास, "खरं आहे."

तुझी गोष्ट तू कधी सलग सांगितली नाहीस. ती मी दोन वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी गोळा केली. तळ्याकाठचं गाव, वडील लाकूड कापायच्या कारखान्यात. आमच्याकडे गल्लीत जसं क्रिकेट, तसा तुमच्याकडे भाला. एकोणिसाव्या वर्षी तू राष्ट्रीय शिबिरात पोचलास. तुझी सगळ्यात लांब फेक एका छोट्या गावात झाली, उन्हाळ्यात, जेवणवेळ उलटली तरी ऊन होतं तेव्हा. भाला जवळजवळ आडवा पडला. टोक आधी टेकायला हवं; ते टेकलं की शेपूट, यावर पंचांनी वाद घातला, आणि मग पांढरं निशाण वर झालं. हे सांगताना तुझा चेहरा उजळला होता. तुझा चेहरा उजळलेला मी फार वेळा पाहिला नाही.

मग भालाच बदलला. भाले फार लांब जायला लागले होते आणि आडवे पडत होते, म्हणून नियम करणाऱ्यांनी त्याचं वजन पुढे सरकवलं. आता तो टोकावरच पडतो, आणि लवकर पडतो. जुन्या भाल्याच्या सगळ्या फेकी वेगळ्या यादीत गेल्या. तुझीही गेली. नव्या भाल्याशी तुझं जमेना, कोपर दोनदा उघडावं लागलं, आणि शेवटच्या निवड चाचणीत तू चौथा आलास. संघात तीनच जण जाणार होते.

तिसरा पेक्का. शिबिरात तुझ्या खोलीत राहणारा, तुझा जिवलग. "त्याचा पाय रेषेला लागला होता," तू एकदा टेप गुंडाळताना सहज म्हणालास. "पंचाच्या डोळ्यांवर ऊन होतं. मी बाकावरून पाहिलं. आणि मी पाहिलं हे पेक्कानेही पाहिलं."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"नाही. वाटलं, तोच येऊन सांगेल."

"किती दिवस वाट पाहिलीस?"

"गेल्या वर्षी त्याच्या अंत्यविधीला गेलो होतो."

मी चिडलो होतो, आठवतं? म्हणालो, पंचाला सांगितलं असतंस तर संघात असतास. तू म्हणालास, "संघाचं एवढं काय. मला माझा मित्र परत हवा होता."

आपलं खरं भांडण टॉलरन्सवरून. मी इंजिनिअर. माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर इतकं कमी-जास्त चालेल असं लिहिलेलं असतं. मी म्हणायचो, एवढ्या लांब फेकीत पायाचा एक अंगठा रेषेला लागला तर काय आकाश कोसळतं? थोडं कापून घ्या आणि मोजा. आणि तू तरी काय सांगतोस, तू स्वतः पंप आणि मोटर एका रेषेत बसवणारा, तुझी रोजीरोटीच टॉलरन्सवर! त्यावर तू शांतपणे म्हणायचास, "लोखंड तापतं, वाढतं, म्हणून मशीनला सवलत लागते. रेषा तापत नाही." मी हार मानली नव्हती. हा वाद अजून उभा आहे, आणि आता मला तो एकट्यालाच घालावा लागणार.

मी मस्कतला परत आलो तसा तू महिन्यातून एकदा आमच्याकडे येऊ लागलास. संगीताच्या हातचा ठेचा खाऊन तुझे कान लाल व्हायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि तरी तू "गुड" म्हणून दुसरी भाकरी घ्यायचास. एका दुपारी पार्किंगच्या त्या टोकावरून प्रज्ञाने माझ्याकडे गाडीची किल्ली फेकली. ती सरळ माझ्या छातीवर येऊन आदळली. मी ओरडलो. तू मात्र तिच्या कोपराकडे बघत होतास. चौदा वर्षांची होती ती.

सहा महिने तू तिला भाल्याला हात लावू दिला नाहीस. समुद्रावर नेऊन नुसते दगड मारायला लावलेस. संगीता मला म्हणायची, "अहो, पोरगी नुसते दगडच मारतेय. विचारा ना त्यांना, भाला कधी देणार?" मी विचारलं नाही. पोर बदलत होती. आमच्याशी इंग्रजीत फटकन बोलणारी प्रज्ञा तुझ्याजवळ गप्प राहायला शिकली होती. तुम्ही दोघं किनाऱ्यावर अर्धा अर्धा तास न बोलता बसायचात. मला हेवा वाटायचा, आज कबूल करतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तू आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला आलास. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. पंचशील म्हणताना आमच्यासारखेच हात जोडून उभा राहिलास. परतताना गाडीत विचारलंस, एवढ्या गंभीरपणे सगळे काय म्हणत होते? मी एकेक शील सांगू लागलो. चौथ्यावर तू मला थांबवलंस. "खोटं बोलणार नाही. ठीक. पण गप्प राहणं त्यात येतं का?" मी हसून म्हणालो, त्याबद्दल काही सांगितलेलं नाही. तू हसला नाहीस. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं की तू पेक्काबद्दल नाही, स्वतःबद्दल विचारत होतास.

आता ते सांगतो, जे सांगायला मी एक वर्ष लावलं.

इथल्या भारतीय शाळांची निवड स्पर्धा होती. एकच मुलगी पुढे जाणार होती. पंच कमी पडत होते म्हणून शाळेने तुला रेषेवर उभं केलं. पालक स्वयंसेवक म्हणून टेप माझ्याकडे. किनाऱ्यावरच्या सहम गावाहून आलेली एक मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या वडिलांचं तिकडे गाड्यांच्या पार्टचं दुकान. दुकान बंद ठेवून आले होते. सकाळी त्यांनी मला आपल्या थर्मासमधला चहा दिला होता, वेलची घातलेला. प्रज्ञाची शेवटची फेक उरली होती.

ती पळत आली. भाला सुटला, आणि मैदानावरचे सगळे वर बघायला लागले. असा गेलेला तिचा भाला मी कधी पाहिला नव्हता. मी आनंदाने ओरडलो आणि तुझ्याकडे वळलो, तर तुझ्या हातात लाल निशाण वर होतं. फेक बाद.

मी रेषेपाशी धावलो. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेली रेषा, आमच्या गावच्या शाळेत आखतात तशीच, पांढरी, भुसभुशीत. तिच्यावर बुटाच्या टोकाची खूण होती, चंद्रकोरीसारखी. स्पष्ट. मुख्य पंच अजून वीस पावलं लांब होते. मी त्या खुणेवर माझा पाय ठेवला आणि कोणाला तरी हाक मारतोय असं दाखवून टाचेवर वळलो. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीला किती वेळ लागतो?

मुख्य पंच आले. ओमानी, भला माणूस, खेळाचे शिक्षक. त्यांनी तुला विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "मी पाय पाहिला."

"खूण कुठे आहे?"

तू माझ्या बुटाकडे पाहिलंस. काळा बूट, आणि त्यावर पांढरी फक्की. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता संपलं. आणि तू म्हणालास, "आता नाही."

मग मीच तोंड सोडलं. ते म्हातारे आहेत, त्यांच्या डोळ्यांवर ऊन होतं, असं मी त्या मुख्य पंचांना चार लोकांत सांगितलं. डोळ्यांवर ऊन! तूच मला दिलेली गोष्ट मी तुझ्यावरच फेकली. इतर पालकही ओरडायला लागले. मुख्य पंच वैतागून म्हणाले, "खलास, खलास, मोजा." तू लाल निशाणाची नीट घडी घातलीस आणि त्यांच्या हातात दिलीस. मी टेप धरली. सहमच्या त्या मुलीच्या वडिलांनी येऊन माझं अभिनंदन केलं.

घरी येताना मी प्रज्ञाला म्हणालो, "आर्वो सरांचं वय झालं गं आता. नजर गेली त्यांची." ती खिडकीबाहेर बघत राहिली. तू त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला आला नाहीस, मैदानावरूनच दुक्मला निघालास. नंतर कधीच आला नाहीस.

पुढच्या स्पर्धेत प्रज्ञा शेवटून पहिली आली. रेषेपासून दीड मीटर मागूनच फेकत होती, जणू पुढे विहीर आहे. मग तिने भाला फेकणंच सोडलं. मी तुला फोनवर सुनावलं की तुझ्या त्या लाल निशाणाने पोरीच्या मनात भीती बसली. तू म्हणालास, "असेल."

त्या "असेल"ची मला आज इतकी लाज वाटते, आर्वो, की काय सांगू.

तरी तुझा फोन दर शुक्रवारी यायचा. दुपारी दोनला. सगळं ठीक? ठीक. मग तू गप्प. ती शांतता मला सहन व्हायची नाही, म्हणून मी काहीबाही भरत राहायचो. उकाडा, प्रोजेक्ट, विमानाची तिकिटं, ऑफिसातली भांडणं. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "ओके. पुढच्या शुक्रवारी." मला शुक्रवार नकोसा झाला. कधी गाडी चालवतोय म्हणून सांगितलं, कधी उचललाच नाही. संगीता म्हणाली, "त्यांचं काहीतरी तुमच्याकडे राहिलंय. बोलून टाका ना एकदाचं." तिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरी तिला कळलं होतं.

शेवटच्या शुक्रवारी मी तुला दक्षिणेकडच्या सलाला शहराचं धुकं किती छान असतं ते सांगत बसलो. तू खोकत होतास. तुझा खोकला ऐकूनही मी धुक्याबद्दलच बोलत राहिलो. शेवटी तू विचारलंस, "आणखी काही, मिलिंद?"

मी म्हणालो, "आणखी काही नाही."

बुधवारी तू गेलास.

तुला तुझ्या देशात पाठवलं. आम्हाला शेवटचं बघताही आलं नाही. आमच्या ओळखीतली चार-पाच कुटुंबं घरी जमवली, तुझा फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या. त्रिसरण झालं. पंचशील सांगायचं काम माझ्याकडे होतं. तीन शीलं म्हटली आणि चौथ्याला माझा आवाजच फुटेना. मागे लोक थांबून राहिले. शेवटी संगीताने पुढचं म्हटलं. निघताना जो तो माझ्या खांद्यावर हात ठेवत होता, फार जीव होता हो तुमचा त्यांच्यावर, असं म्हणत होता. ते दुःख नव्हतं रे. ती भीती होती. तुझा फोटो तिथे समोर होता.

मग कॅम्पवरून फोन आला की तुझी खोली रिकामी करायचीय, आणि ड्रेनेजच्या जाड पाइपचं एक लांब खोकं आहे, त्यावर प्रज्ञाचं नाव आहे. कुरियरने पाठवू का म्हणाले. प्रज्ञा म्हणाली, "नो. आपण जाऊ."

दुक्मच्या वाटेवरचं आदम गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना नुसती सपाट जमीन सुरू झाली. मी मनात वाक्यं जुळवत होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "पप्पा, एक सांगू? माझा फूट लागला होता."

मी रस्त्याकडेच बघत राहिलो.

"मला फील झालं होतं. मी दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. सॉरी बोलले."

"काय म्हणाले?"

"गुड, बोलले. मग मी बोलले, पप्पाला पण सांगते. तर ते बोलले, नको. तुझ्या पप्पांना माहिती आहे. ते स्वतः सांगतील. मी वेट करतो." मग ती म्हणाली, "घरी आलो ना तेव्हा तुमचा बूट शू-रॅकमध्ये होता. व्हाइट-व्हाइट. मीच पुसला. मम्माला दिसू नये म्हणून."

मी गाडी कडेला घेतली. गाडीतून उतरलो आणि उन्हात उभा राहून रडलो. पन्नाशीचा बाप, आणि मागे गाडीत सतरा वर्षांची मुलगी, जिने वर्षभर माझं तोंड काळं होऊ नये म्हणून माझा बूट पुसल्याचं गुपित ठेवलं होतं. आणि तू. दर शुक्रवारी, दुपारी दोनला. मला वाटायचं तू माझी परीक्षा बघतोयस, मला टोचतोयस. तू फक्त थांबला होतास. पेक्कासाठी थांबलास तसाच. आणि पेक्काने केलं तेच मी केलं.

मी तिला म्हणालो, "खूण मी पुसली. तुझे सर बरोबर होते. मी त्यांच्याबद्दल खोटं बोललो." ती म्हणाली, "आय नो, पप्पा. पण तुम्ही बोललात, बरं झालं." मग आम्ही ठरवलं. येत्या शुक्रवारी सहमला जायचं, त्या दुकानात, त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना सगळं सांगायचं, आणि तिथून मुख्य पंचांकडे. ती म्हणाली, मी बोलेन. मी म्हणालो, नाही, मी.

तुझ्या पाइपमध्ये दोन भाले होते. एक तुझा जुना, आता कुठल्याच स्पर्धेत न चालणारा. एक नवा, हलका, मुलींचा, त्यावरची किमतीची चिठ्ठीही काढलेली नव्हती. दोन्हींच्या टोकांना लाल फडकं गुंडाळलेलं. प्रज्ञाने नवा भाला हातात घेतला, तोलला, आणि कॅम्पच्या मागे चालू लागली.

तिथे अजून तसाच वारा आहे. तिने टाचेने वाळूत रेषा ओढली, तुझ्यासारखीच. पहिली फेक तिने दीड मीटर मागूनच केली. मी म्हणालो, "पुढे ये. घाबरू नको, मी बघतो." ती मागे गेली, पळत आली, या वेळी पूर्ण जोरात. भाला सुटल्याचा आवाज मी ऐकला. पलीकडे आचारी "अरे बाप रे" म्हणून ओरडला. मी मान वर केली नाही. रेषेकडे बघत होतो.

तिच्या बुटाचं टोक रेषेच्या पलीकडे होतं. दोन बोटं, जास्त नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तुझं लाल फडकं वर धरलं. तिने मान डोलावली आणि भाला आणायला चालत निघाली.

किती लांब गेला होता ते विचारू नकोस, आर्वो. मी खाली बघत होतो.